आवाज न मोजणारी पेटी

आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसला तर तो माणूस आमच्या गावचा नाही असं समजावं. शुश्रूषा कार्यालयातून आलेल्या मोघे मॅडमना मी सुरुवातीलाच तसं बजावलं.

"मॅडम, तुम्ही पडताळणीला आलाय. शिरतळमध्ये पडताळणी करायची तर पहिली माझी करावी लागते. मी आप्पा भोइटे, तोफखान्यातला निवृत्त हवालदार. गाव म्हणतं, तोफखान्यातला आहे, फेकणारच! बर्फात ड्यूटीवर असताना चहा ओतला की हवेतच त्याचे मणी व्हायचे. ते ओवून मी मंडळींना माळ पाठवली होती. वाटेत पोस्टमन ती उकळून प्यायला. ही गोष्ट मी उभी हयात सांगत आलोय. पण आज सांगतो ते खरं आहे, आणि म्हणूनच ते तुम्हाला पटायचं नाही."

मॅडम हसल्या. तिशीच्या आतबाहेरची पोरगी. शेडग्यांच्या ओट्यावर सतरंजीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर टॅब. म्हणाली, "आजोबा, मला फक्त त्या दिवशीचं हवंय. रणजित शेडगे कसे पडले, एवढंच. भिंतीवरच्या पेटीनं नोंद पाठवलीय, पण ती नेहमीच्या पडण्यासारखी नाही. ते आपोआप पडले असतील तर रेश्माताईंची 'कुटुंब शुश्रूषक' म्हणून मान्यता पुन्हा सुरू होईल आणि ते दवाखान्यातून घरी येतील. काही बनाव असेल, तर तिथूनच परस्पर निवासी केंद्रात. नियम माझा नाही."

"नियम कधीच कुणाचा नसतो," मी म्हणालो. "आणि आजोबा नका म्हणू. आप्पा म्हणा. आजोबा म्हटलं की गुडघा दुखतो."

आत चुलीपाशी रणजितची बायको रेश्मा दवाखान्याचा डबा भरत होती. दार उघडं होतं. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, म्हणजे ती ऐकत होती. मी आवाज चढवला आणि गोष्ट मुळापासून धरली.

आमचं गाव फौजींचं. घरटी एक तरी पोरगं वर्दीत. रणजित पायदळात नायक होता. सीमेवर गाडीखाली सुरुंग उडाला. हातपाय शाबूत राहिले, पण कवटीच्या आत पुढच्या बाजूला मार बसला. घरी आणला तेव्हा दिसायला धडधाकट, पण बसवला की बसलेला आणि झोपवला की झोपलेला. पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवा, ओठ कोरडे पडतील पण हात पुढे यायचा नाही. मन मेलं नव्हतं. डोळे सगळीकडे फिरायचे, रेश्मा दिसली की भरून यायचे. पण अंगाला 'कर' म्हणून सांगणारा जो कुणी आत असतो, तो जागेवर नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरनं समजावलं ते मला पाठ आहे. म्हणाले, धरणात पाणी आहे, कालवे शाबूत आहेत, पण दरवाजा उघडणारा माणूस गेलाय. मेंदूच्या पुढच्या भागातून कामाची सुरुवात होते, तोच भाग गेलाय. पण वर्षानुवर्षं घोटलेल्या हालचाली मेंदूच्या तळाशी साठवलेल्या असतात. सायकल, पोहणं, कवायत. तिथं मार लागलेला नाही.

तळाशी काय आहे ते आम्हाला पंधरा ऑगस्टला कळलं. शाळेच्या पटांगणात झेंडा होता. चाकाच्या खुर्चीत रणजितला आणून ठेवलेला. कॅप्टन शेलारनी, म्हणजे आमचे मानद कॅप्टन भिकाजी शेलार, ज्यांच्या मिशीला गावात वेगळी खुर्ची लागते त्यांनी, हुकूम दिला, "सावधाऽन!" आणि रणजित उठला. खुर्चीतून सरळ, टाचा जोडून, छाती काढून. शेलारांचा आवाजच बसला. पुढचा हुकूम त्यांना सुचेना, म्हणून रणजित झेंडा वर जाऊन, भाषणं होऊन, पोरांना चॉकलेटं वाटून होईपर्यंत तसाच उभा. शेवटी मी ओरडलो, "कॅप्टनसाहेब, विश्राम तरी द्या त्याला!"

"हे खरंय?" मॅडमनी विचारलं.

"चहाच्या माळेपेक्षा खरं."

त्या दिवसापासून रेश्मा शेलारांकडे शिकायला बसली. नवऱ्याला अंघोळ घालायची म्हणून बाई कवायतीचे हुकूम शिकली. शेलार म्हणायचे, "पोटातून काढ पोरी. भाजीवाल्याला हाक मारतेस का? पोटातून!" महिन्याभरात तिचा आवाज असा तयार झाला की सकाळी शेडग्यांच्या घरातून "सावधान" आलं की शेजारी चहा पीत बसलेले शेलार कप खाली ठेवून उभे राहायचे. मग लाजून म्हणायचे, "मुंग्या आल्या होत्या पायाला."

तिचा सगळा दिवस हुकमांवर चालायचा. तेज चल, आणि तो मोरीपर्यंत जायचा. थम. दाहिने मुड. बसायचा, उठायचा. घास घेण्याचा हुकूम फौजेत नाही, तो तिनं स्वतः बनवला. रणजित चालू लागला, अंगावर मांस धरलं. कधी कधी हसायचा. तिनं एमआयडीसीतली नोकरी सोडली होती. शुश्रूषेचं मानधन मिळायचं, त्यावर घर चालायचं. त्याला हाक द्यायला दिवसभर कुणीतरी लागायचंच. ती दुकानात गेली आणि शेजारीण गप्पांत गुंतली, तर तो आला त्या जागी उन्हात उभा राहायचा. थम म्हटलंय, मग थम.

इथवर सगळं ठीक होतं. मग नियम बदलला.

पूर्वी काय होतं, वैद्यकीय बोर्डानं एकदा दाखला दिला की तो जन्माचा. नवा नियम म्हणाला, गरज असेल तेवढीच मदत, आणि गरज किती ते माणसानं सांगायचं नाही, यंत्र सांगेल. घरोघरी पेटी आली. पांढरी, वहीएवढी, भिंतीवर खिळ्याला अडकवायची. सरकारी नाव लांबलचक होतं. आम्ही तिला 'जागल्या' म्हणायचो. दर तीन महिन्यांनी जागल्या ठरवणार, या घरात शुश्रूषक लागतो की नाही. नाही म्हणाला, तर माणूस स्वतंत्र. आणि स्वतंत्र माणसाची देखभाल करणारं घरात कुणी नसेल, बाई पोटासाठी कामावर जात असेल, तर माणूस निवासी केंद्रात. रेश्मा एकदा ते केंद्र बघून आली होती. स्वच्छ होतं म्हणाली. सगळे खुर्च्यांत बसलेले होते. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं.

"पेटीत कॅमेरा नाही, आप्पा," मॅडम म्हणाल्या, जरा समजुतीनं. "खासगीपणा जपावा म्हणूनच—"

"ठाऊक आहे मॅडम. मी रडारवर होतो. शत्रूचा तोफगोळा हवेत असतानाच त्याच्यावर रेडिओलहरी फेकायच्या, परत येणारा पडसाद मोजायचा आणि गोळा कुठून सुटला ते सांगायचं. तुमची पेटी तेच करते, फक्त गोळ्याच्या जागी माणूस. लहरी इतक्या बारीक की श्वासानं छाती हलली तरी पडसाद बदलतो. चाल कळते, तोल कळतो. दोन अंगं एकमेकांना टेकली, एकाचा भार दुसऱ्यानं घेतला, तेही कळतं. खरं की नाही?"

"बरोबर. त्यावरूनच अवलंबित्वाचा अंक निघतो."

"आणि आवाज?"

मॅडमनी टॅबकडे पाहिलं. "आवाज नोंदवत नाही. घरातलं बोलणं ऐकणं कायद्यात बसत नाही."

"हां. तिथंच फसलो."

पण ते आम्हाला कळलं उशिरा. पेटी लागली तेव्हा गावानं काय केलं? फौजी गावानं, मॅडम! इन्स्पेक्शन येणार म्हटल्यावर आम्हाला एकच गोष्ट येते. शेलार म्हणाले, "नाक कापायचं नाही. शिरतळचा जवान आहे." भिंतींना चुना दिला. रणजितचे बूट मी स्वतः पॉलिश केले, त्यात बघून दाढी करावी असे. रोज सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी माजी सैनिक यायचा आणि हुकूम द्यायचा. रणजित अंगणात तालात चालायचा, वळायचा, सॅल्यूट ठोकायचा. रेश्मा कौतुकानं बघायची. आम्हाला वाटलं, साहेब खूष होतील.

साहेब खूष झाले. कागद आला. 'लाभार्थी आधाराविना उठतो, चालतो, आहार घेतो. शारीरिक मदतीची गरज नगण्य. शुश्रूषकाची पात्रता समाप्त.'

रेश्मानं कागद वाचला आणि शेलारांना विचारलं, "म्हंजे मी दिवसभर काय करते, ते कुठं लिवलंय?"

शेलारांनी मिशीला हात लावला आणि खाली घेतला. त्यानंतर मी त्यांना मिशी पिळताना पाहिलं नाही.

अपील करता येत होतं. आणखी एक तिमाही पेटी बघणार, अंक वर गेला तर मान्यता परत. फोनवर तुमच्याच कार्यालयातल्या कुणी भल्या माणसानं सांगितलं, ताई, पेटीला हात दिसतात, शब्द दिसत नाहीत. मदत करायची ती हातानं करा.

त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात सगळे माजी सैनिक जमले. रेश्मा पायरीपाशी उभी. म्हणाली, "उद्यापासनं त्यांना कुणी हुकूम द्यायचा न्हाई. मी बी देणार न्हाई. उचलीन, भरवीन, फरपटत न्हेईन. पण बोलणार न्हाई. तुमी सगळ्यांनी तेवढं संभाळा."

मॅडम, आता ऐका, इथून पुढचं तर अजिबात पटायचं नाही. फौजींचं गाव मुकं झालं. शाळेच्या मास्तरांनी कवायत खुणांनी घ्यायला सुरुवात केली. सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पण हुकूम नाही. शेलार रुमाल वर करायचे, पोरं सावधान. खाली करायचे, विश्राम. पाहुणे आलेले तहसीलदार मला कानात विचारतात, "कॅप्टनना लकवा मारला का?" भरतीची तयारी करणारी पोरं माळावर पळायला जायची ती गावाच्या शिवेबाहेर जाऊन ओरडायची. एका लग्नात बॅन्डवाल्यानं परेडची धून धरली, तर नवरदेवाच्या बापानं ढोलावर स्वतःचा फेटा टाकला. सुट्टीवर आलेल्या पोरांना आया वेशीवरच गाठून सांगायच्या, "बाबा, मोठ्यानं काय म्हणू नकोस." आणि एवढं सगळं एका माणसाला काही ऐकू जाऊ नये म्हणून!

मॅडम लिहून घेत होत्या. मध्येच थांबल्या. "सगळं गाव?"

"सगळं. म्हशीसुद्धा दबकून हंबरायच्या. बरं, म्हशींचं सोडा, तेवढं मी घातलं. बाकी सगळं खरं."

त्या हसल्या नाहीत. "पुढे?"

पुढे काय. रणजित विझत गेला. आधी चालणं गेलं, मग स्वतःहून मान धरणं. रेश्मा त्याला काखेत हात घालून उठवायची. तो तिच्या दीडपट. भिंतीला धरून धरून न्यायची. तिची कंबर गेली, पण ती पट्टा बांधून उठवत राहिली. मोरीपर्यंत पोचायच्या आत कपडे खराब व्हायचे. ती पुसायची, बदलायची. पेटी भिंतीवर बसून सगळं मोजत होती, अंक वर वर चालला होता. रोज मोबाइलवर दिसायचा. वाढला की ती रडायची.

मी रोज येऊन बसायचो. त्याच्या पाठीला जखम व्हायला लागली होती. पण ते नाही सांगायचं मला. मला सांगायचंय ते त्याचं बघणं. मॅडम, तो दिवसभर तिच्या तोंडाकडे बघायचा. सीमेवर चौकीत जवान जसा बिनतारी संचाला कान लावून बसतो, तसा. ती समोरून गेली की नजर तिच्या ओठांवर. ती पदर तोंडात धरून काम करायची. एकदा त्याचा हात थरथरत होता, पुढ्यातलं पाणी त्याला हवं होतं. पाणी होतं, हात होता, तहान होती. एक शब्द हवा होता. मी तोंड उघडलं. रेश्मानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. तिनं तांब्या उचलून त्याच्या ओठाला लावला. भिंतीवर तेवढा अंक वाढला असेल.

मी तिला म्हटलं, "पोरी, बास कर. तो जाईल अशानं."

"केंद्रात गेले तर काय ऱ्हातील का, आप्पा?" ती म्हणाली. "तिथं हाक मारायला कोन हाय? हितं तिमाही संपली की मी पुन्यांदा बोलीन. पयल्या दिवसापासनं शिकवीन. एकदा मान्यता येऊ दे."

 यावर तुमच्याकडं उत्तर असेल तर सांगा.

तिमाही संपत आली आणि अंक अडकला. थोडक्यासाठी अडकला. काही केल्या पुढे जाईना. तिनं तुमच्या कार्यालयाला फोन लावला. उत्तर आलं, एखादी पडण्याची नोंद असती तर प्रकरण लगेच नियमात बसलं असतं. ते सहज बोलले. फोनवरची माणसं सहजच बोलतात. तिनं फोन ठेवला आणि बराच वेळ हातातला कणकेचा गोळा मळत बसली. कणीक कधीच मळून झाली होती.

इथं मी पाणी मागितलं. रेश्मा घेऊन आली आणि परत आत न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डबा फडक्यात बांधून तिच्या हातात होता. दुपारची एसटी यायची वेळ होत आली होती.

"आणि तो दिवस," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता. "मी तुम्हाला अडचण काय आहे ते सांगते, आप्पा. माणूस पडतो तेव्हा आधी तोल जातो. एक-दोन पावलं वेडीवाकडी पडतात, हात हवेत जातात, काहीतरी धरायला बघतात. पेटीला हे सगळं दिसतं. रणजित भिंतीला टेकवून उभे केलेले होते. पेटीत आधी काहीच नाही, आणि मग एकदम जमिनीवर. म्हणजे कुणी ढकललं का? पण जवळ कुणाचं अंग नव्हतं. रेश्माताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मला दिसतंय ते जुळत नाही. तुम्ही इथं ओट्यावर होतात. तुम्ही काय पाहिलंत?"

मी पाण्याचा घोट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक साधी, छोटी, कुणालाही पटेल अशी गोष्ट सांगायला बसलो होतो.

"काही नाही हो, मॅडम. फरशी ओली होती. रेश्मानं नुकतीच पुसली होती. तिनं त्याला भिंतीला टेकवला आणि पलीकडचा टॉवेल आणायला वळली. त्याचा पाय घसरला. अशक्तपणा होताच, इतके दिवस बसून अंगात जीव कुठला? लटपटला. भिंत धरायला गेला, हात निसटला. 'आई गं' म्हणून ओरडला आणि कोसळला, पोत्यासारखा. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी इथवर ऐकला. लटपटला ते पेटीला दिसलं नाही, कारण तो कोपऱ्यात होता. कोपऱ्यात पडसाद नीट येत नाहीत. मी रडारवर होतो, मला माहीत आहे."

मॅडमनी मान हलवली. टॅबवर बोट फिरू लागलं. "कोपऱ्यात पडसादाचा गोंधळ होतो, हे खरं आहे," त्या पुटपुटल्या. "ओली फरशी. अशक्तपणा. ठीक आहे. मी 'नैसर्गिक पतन' लिहिते."

बसली गोष्ट. उभ्या आयुष्यात माझी एकही गोष्ट कुणी अशी मुकाट्यानं मानली नव्हती. मी रेश्माकडे पाहिलं, आता तू एसटी गाठ, अशा नजरेनं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या पेटीकडे बघत होती.

"आप्पा, खोटं बोलू नका," ती म्हणाली.

"पोरी, तू जा. गाडी येईल."

"ते लटपटले न्हाईत. आन् आई गं बी म्हणले न्हाईत." तिनं डबा खाली ठेवला. मॅडमचं बोट टॅबवर तसंच थांबलं. "पोत्यासारखं म्हंता त्यांना? फरशी कोरडी हुती, मॅडम. मी लांब जाऊन उभी ऱ्हायले, हात दिसू नये म्हणून. आन् शेलारकाकांनी शिकवलं हुतं तसं पोटातनं म्हटलं, 'पोझिशन!' गोळी आली की भुईवर झोकून द्यायला देतात त्यो हुकूम. इतक्या दिसांनी माझा आवाज ऐकला त्यांनी. तोंड कसं उजळलं त्यांचं, काय सांगू." तिचा आवाज कुठंही हलला नाही. "ते पडले न्हाईत, मॅडम. त्यांनी पोझिशन घेतली."